मध्ये पडावे की गप्प राहावे?



माझ्या आधीच्या धर्मग्रामातली ही गोष्ट आहे. एका संध्याकाळी मिस्सा आटोपल्यावर एक मावशी कचेरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटले तरी येईनात. मग हळूच म्हणाल्या, "फादर, शेजारच्या घरातून रात्री आवाज येतात. तो पिऊन येतो, तिला मारतो. ती आम्हांला काही सांगत नाही. सकाळी कपडे वाळत घालताना हसून बोलते. मी मध्ये पडू का? उद्या ती दोघं एक होतील आणि मी वाईट ठरेन."

मला त्या वेळी सणाच्या तयारीच्या सभेला जायचे होते. मंडळी वाट पाहत होती. मी म्हणालो, "मावशी, घाई करू नका. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. मी बघतो." मावशींनाही जणू एवढेच हवे होते. त्या निर्धास्त होऊन घरी गेल्या आणि मी सभेला गेलो. मी काही बघितले नाही. तीन आठवड्यांनी त्या बाईचे मनगट मोडले. मोरीत पाय घसरला, असे तिने डॉक्टरांना सांगितले.

दोघींची परवानगी घेऊनच मी हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. यातले काहीही मला पापनिवेदनात सांगितलेले नाही, हेही स्पष्ट करतो. ती बाई कोण, याचा शोध कृपया कोणी घेऊ नये. असा शोध कोणत्या प्रकारात मोडतो, ते पुढे येईलच.

मावशींचा प्रश्न मात्र आपल्या सर्वांचा आहे. रस्त्यावर कोणी पडलेला दिसतो, सोसायटीत एखादा म्हातारा एकटा राहतो, शेजारचा मुलगा वाईट संगतीला लागलेला दिसतो. आपण थांबतो, विचार करतो, आणि बहुतेक वेळा पुढे निघतो. प्रत्येक वेळी पुढे निघणे चूकच असते का? आजच्या अभ्यासात याचा नीट विचार करू या.

प्रभूने एकदा नकार दिला होता

या विषयावरील प्रवचन नेहमी दयाळू शोमरोन्यापासून सुरू होते. आज आपण संत लूककृत शुभवर्तमानातच दोन अध्याय पुढे जाऊ. बाराव्या अध्यायात गर्दीतला एक माणूस प्रभू येशूकडे येतो. आपल्या भावाने वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी करून द्यावी असे त्याला सांगा, अशी त्याची विनंती असते. आपल्या वसईत ही विनंती कोणालाही नवीन नाही. वाडीचा एक तुकडा, विहिरीकडे जाणारी पायवाट, सात-बाऱ्यावरचे एक नाव, यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांच्या घरच्या लग्नाला गेलेले नाहीत. प्रभू काय करतो? तो मध्ये पडत नाही. मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले, असे विचारतो आणि लोभापासून सावध राहायला सांगतो. आजाऱ्याला कधीही परत न पाठवणारा प्रभू इथे स्पष्ट नकार देतो.

पवित्र शास्त्रात याच सुराची आणखी वचने आहेत. दुसऱ्याच्या भांडणात शिरणे म्हणजे कुत्र्याचे कान धरणे, अशा अर्थाचे एक वचन नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. कान धरून ठेवावे तरी पंचाईत आणि सोडावे तरी पंचाईत! संत पेत्राच्या पहिल्या पत्रात तर खुनी आणि चोर यांच्या पंक्तीला दुसऱ्याच्या कामात लुडबुड करणारा बसवला आहे (4:15). हे वाचून मी अजूनही दचकतो, कारण त्या पंक्तीत मीही बसलो आहे. पूर्वी एकदा दोन भावांच्या वाटणीत मी उत्साहाने शिरलो. तीन संध्याकाळी त्यांच्या ओटीवर घालवल्या. कागद नीट वाचले नाहीत, एकाची बाजू आधी ऐकली आणि तीच खरी धरून चाललो. आज ते दोघे एकमेकांशी बोलतात. माझ्याशी मात्र दोघेही बोलत नाहीत.

तेव्हा "आपण कशाला मध्ये पडा?" असे म्हणणारा प्रत्येक जण भित्रा किंवा स्वार्थी असतो, असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा तो शहाणा असतो. अडचण अशी आहे की शहाणपण आणि पळवाट यांची भाषा एकच असते. "घाई करू नका, प्रार्थना करा" हे वाक्य दोन्हीकडे चालते.

यरीहोची वाट

आता दहाव्या अध्यायाकडे येऊ. यरुशलेम उंच डोंगरावर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. अंतर सुमारे 27 किलोमीटर. तेवढ्या वाटेत जवळपास 1000 मीटरचा उतार आहे. वाट ओसाड, दरडींची, चोरांना लपायला सोयीची. एक माणूस लुटला जातो आणि अर्धमेला होऊन पडतो. याजक त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून जातो. लेवीही तसेच करतो.

ते का थांबले नाहीत? प्रेताचा स्पर्श झाला तर विटाळ होईल, मग मंदिरातली सेवा करता येणार नाही, अशी भीती त्यांना वाटली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मीही तसे शिकवले आहे. पण शुभवर्तमान बारकाईने वाचा. याजक त्या वाटेने खाली उतरत होता, म्हणजे मंदिराकडे पाठ करून चालला होता. शिवाय यहुदी गुरूंच्या परंपरेत, मिश्ना या ग्रंथात, असा नियम आहे की वाटेत एखादे बेवारस प्रेत आढळले तर खुद्द प्रमुख याजकानेही विटाळाची पर्वा न करता ते पुरावे. धर्माने त्याला अडवले नव्हते, असेच म्हणावे लागते. खरे कारण प्रभू सांगतच नाही. ती जागा त्याने मोकळी ठेवली आहे. तिथे आपापले कारण आपणच लिहायचे.

शोमरोनी माणसाबद्दल एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. त्याने खूप केले, पण सगळे केले नाही. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले (एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी) आणि तो आपल्या कामाला निघून गेला. जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असा शब्द दिला. तो चोरांच्या मागे धावला नाही. या वाटेने एकटा कशाला आलास, असे त्याने जखमीला विचारले नाही. त्याचे पुढचे आयुष्य हातात घेतले नाही. पुढचे काम ज्याला जमते, त्याच्याकडे त्याने सोपवले. मध्ये पडणे म्हणजे जन्माचे ओझे गळ्यात घेणे, असे समजून आपण घाबरतो. शोमरोन्याचा एक दिवस, एक रात्र आणि दोन दिनार खर्च झाले.

घाई आणि गर्दी

1968 साली अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेल्या विद्यार्थ्यांना यंत्रावरून एका माणसाचा आवाज ऐकवला. बोलता बोलता त्याला फिट येत आहे असे ते नाटक होते. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत, असे ज्यांना वाटत होते, त्यांतले 85 टक्के आवाज थांबण्यापूर्वीच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना सांगितले होते, त्यांतले फक्त 31 टक्के उठले. उरलेले सगळेच निर्दय होते, असे नाही. दुसरा कोणी तरी गेला असेल, असे प्रत्येकाला वाटले.

पाच वर्षांनी, 1973 साली, याच डार्ली यांचा डॅनियल बॅटसन यांच्याबरोबर केलेला दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. आम्हा धर्मगुरूंना तो फार झोंबतो. प्रिन्स्टन येथील प्रोटेस्टंट सेमिनरीतले 40 विद्यार्थी त्यांनी घेतले. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण द्यायचे होते. काहींना विषय दिला होता दयाळू शोमरोनी, बाकीच्यांना नोकरीसंबंधीचा साधा विषय. वाटेत एका दारापाशी एक माणूस वाकून बसला होता, खोकत आणि कण्हत होता. ज्यांना वेळ भरपूर आहे असे सांगितले होते, त्यांतले 63 टक्के थांबले. उशीर झाला आहे, पळा, असे ज्यांना सांगितले होते, त्यांतले फक्त 10 टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने विशेष फरक पडला नाही. शोमरोन्यावर भाषण द्यायला निघालेले काही विद्यार्थी तर त्या माणसाला ओलांडून गेले.

मी हा प्रयोग सेमिनरीत वाचला होता. मला तो पाठ होता. आणि मावशी दारात उभ्या असताना मी घड्याळाकडे पाहिले.

निष्पक्षपणे हेही सांगितले पाहिजे की माणसे तितकी वाईट नाहीत. इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिका येथील शहरांत रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या 219 भांडणांचा अभ्यास 2019 साली पुढे आला. दर दहापैकी नऊ प्रसंगांत पाहणाऱ्यांपैकी कोणी तरी मध्ये पडले होते, आणि पाहणारे जितके जास्त, तितकी कोणी तरी पडण्याची शक्यता जास्त. मग भिंतीपलीकडच्या मारझोडीत सगळी आळी गप्प का बसते? मला वाटते, रस्त्यावर माणसे एकमेकांना पाहत असतात. एक पुढे झाला की दुसरा होतो. भिंतीआड मात्र प्रत्येक जण आपापल्या अंथरुणात एकटाच ऐकत असतो. शेजारच्या चार घरांतही तेच चालले आहे, हे कोणालाच कळत नाही. मावशींच्या आळीत नंतर कळले की किमान पाच घरांना ते आवाज ऐकू येत होते.

संत थॉमस काय म्हणतात

तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांचे 'सुम्मा' आम्हांला कोरडे वाटायचे. आता पन्नाशीकडे झुकताना त्यातल्या काही ओळींची किंमत कळते. दानधर्माविषयी लिहिताना ते विचारतात, मदत न करणे हे गंभीर पाप केव्हा ठरते? प्रत्येक गरजवंताला मदत करणे कोणालाच शक्य नाही, हे ते आधीच मान्य करतात. मग गरज कशी असावी, ते सांगतात. ती उघड दिसत असावी, तातडीची असावी आणि ती भागवायला दुसरा कोणी येईल अशी चिन्हे नसावीत. आणि देणाऱ्याकडे स्वतःच्या गरजेपलीकडचे काही शिल्लक असावे.

आता दोन्ही प्रसंग या कसोटीवर लावून पाहा. भावांची वाटणी: कोण खरा, ते उघड नाही. आज संध्याकाळीच निकाल लागला पाहिजे असे नाही. वकील, तलाठी, कोर्ट, घरातली वडीलधारी माणसे अशी मदतीची दुसरी दारे आहेत. फादरने घरी बसावे, हेच बरे. शेजारची मारझोड: आवाज उघड आहे, आज रात्रीच हात मोडू शकतो, आणि पाचही घरे एकमेकांच्या भरवशावर झोपली आहेत. इथे "मी कोण मध्ये पडणारा?" हा प्रश्न उरत नाही.

संत थॉमस आणखी एक बारीक मुद्दा मांडतात. बंधुभावाने कान उघडणे हे कर्तव्य आहे, पण त्यासाठी लोकांच्या चुका हुडकत फिरायचे नाही, नाही तर आपण दुसऱ्यांच्या आयुष्यावरचे हेर होऊ. जे आपल्या वाटेत येते, तेवढ्यापुरते आपण बांधील आहोत. माझ्या मते मदत आणि लुडबुड यांतला फरक इथेच कळतो. कोणाची सून कोणाशी बोलते, कोणाच्या घरी रात्री कोण आले, हे आपण शोधत जातो. भिंतीतून येणारी किंकाळी शोधावी लागत नाही. गंमत अशी की पहिल्या प्रकारात आपण सगळे तत्पर असतो. अमक्या घरात काय चालले आहे, हे आळीला महिनाभर चघळायला चालते, फक्त बेल वाजवायला कोणी जात नाही. मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेल्या पापांबरोबर, जे करायला हवे होते पण केले नाही, त्याचीही कबुली देतो. ही कबुली आपल्या तोंडून फार पटकन निघून जाते.

काय करावे?

मावशींची खरी भीती अशी होती की तीच बाई उद्या उलटेल. ही भीती खोटी नाही. मार खाणारी बाई पुष्कळदा नवऱ्याचीच बाजू घेते, कारण तिला रात्री त्याच घरात झोपायचे असते. म्हणून तिच्यावतीने परस्पर निर्णय घेऊ नये. ती एकटी असताना, नवऱ्याच्या कानावर जाणार नाही अशा ठिकाणी, साधे विचारावे, "रात्री आवाज ऐकला. तुला काही हवे आहे का?" ती नाही म्हणाली तर राग मानू नये. आठ दिवसांनी पुन्हा विचारावे. कागदपत्रांची पिशवी किंवा थोडे पैसे आपल्याकडे ठेवायचे आहेत का, एवढे विचारले तरी मोठा आधार होतो. नवऱ्याला एकट्याने जाब विचारायला जाऊ नये. त्याचा राग तुम्ही गेल्यावर तिच्यावरच निघेल. 2008 साली आपल्या देशात 'बेल बजाओ' नावाची मोहीम झाली होती. आवाज आला की शेजाऱ्याने जाऊन बेल वाजवायची आणि काही तरी किरकोळ मागायचे. मारणाऱ्याला एवढेच कळले पाहिजे की बाहेर कोणी तरी ऐकत आहे. दोघे-तिघे मिळून गेलात तर अधिक चांगले.

जिवावर बेतते असे वाटले तर मात्र तिच्या होकाराची वाट पाहू नका. 112 हा क्रमांक फिरवा. स्त्रियांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा कोणाही माणसाला संरक्षण अधिकाऱ्याकडे माहिती देण्याची मुभा देतो. सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे त्याच्या कलम 4 मध्येच म्हटले आहे.

लहान मुलांच्या बाबतीत तर निवड आपल्या हातात ठेवलेलीच नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. तो शेजाऱ्यांना लागू आहे, शिक्षकांना लागू आहे आणि आम्हा धर्मगुरूंनाही. "घराण्याची अब्रू", "चर्चची बदनामी" ही कारणे इथे चालत नाहीत. मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे.

महामार्गावरच्या अपघातांविषयी थोडेसे. आपली मुले रोज मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून ये-जा करतात. कोर्टाचे खेटे घालावे लागतील, या भीतीने माणसे थांबत नाहीत. 1989 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की जखमीवर आधी उपचार, कायदेशीर सोपस्कार नंतर. 2016 साली त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे देशभर बंधनकारक केली, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम 134-अ आले. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला आपले नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी 108. मान किंवा पाठ दुखावलेली दिसत असेल तर ओढून रिक्षात कोंबू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत शेजारी थांबणे, वाहतूक बाजूला वळवणे, हीसुद्धा मदतच आहे. आणि तिथे आधीच चार जण नीट काम करत असतील, तर गर्दी न वाढवता पुढे जा.

त्या बाईला मी तिचे मनगट प्लास्टरमध्ये असताना भेटायला गेलो. मावशी बरोबर होत्या. मी क्षमा मागितली. तिने विषय बदलला, आम्हांला चहा दिला. पुढे पाच महिन्यांनी तिनेच मावशींचे दार वाजवले. आज ती मुलांसह माहेरी राहते आणि नोकरी करते. नवरा व्यसनमुक्तीच्या उपचारांना जातो, अधूनमधून सोडतोही. पुढे काय होईल, ते मला सांगता येणार नाही. हा लेख लिहिण्याआधी मी तिला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "लिहा, फादर. फक्त मी मोरीत पडले नव्हते, तेवढं लिहा."

येत्या आठवड्यात सर्व लघुसमूहांच्या सभांत लूक 10:25-37 आणि लूक 12:13-15 हे दोन्ही उतारे एकापाठोपाठ वाचायचे आहेत. चर्चेत कोणाच्याही घराचे नाव काढू नये, प्रत्येकाने फक्त स्वतःविषयी बोलावे. ज्यांना एकांतात बोलायचे आहे त्यांनी संध्याकाळच्या मिस्सेनंतर कचेरीत यावे. त्यानंतरचा अर्धा तास मी कोणतीही सभा ठेवलेली नाही.

तुमचा,
धर्मगुरू